बाने माझ्या तोंडाचा वास घेतला

“तोंड उघड! उघड म्हणतो ना, पोऱ्या!”

नाशिकची जीप सुटायच्या बेतात, माझा एक पाय पायरीवर, आणि बा माझा जबडा धरून ओरडतोय. आवाज एवढा, की पेठकडच्या डोंगरापलीकडच्या म्हशींनीही माना वळवल्या असतील. चूक त्याची नव्हती. सुट्टीला आलेला पोरगा दोन दिवस हसत होता, भाकरीवर भाकरी हाणत होता, भरदुपारी घोरत होता. आमच्या घरात एवढा आनंद दारूशिवाय कुणी पाहिलेलाच नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे शहरात वॉचमनच्या केबिनमध्ये येऊन पडलेल्यांनो, मी कसा होतो ते आठवतं ना? नाशिकच्या इंदिरानगरला आलो आणि भीतीने छातीत भाताची गिरणी सुरू झाली. झोप अशी उडाली की सोसायटीची कुत्री माझ्या भरवशावर झोपायची. बा गावचा भगत. त्याने सुपात दाणे पाहिले, कोंबडं दिलं, मोरपिसाने मला झाडलं. गिरणी चालूच. मग शेजारच्या फरशीवाल्याच्या खोलीवर रविवारच्या प्रार्थनेला गेलो. खोटं कशाला, चहासोबत केक मिळतो म्हणून. तिथल्या एका म्हातारीने माझ्या वारलेल्या आईचं नाव विचारलं आणि ते घेऊन देवाशी अशी बोलली, जशी आई आत्ताच पाण्याला गेलीय. मी एवढा रडलो की गंगापूर धरणाला लाज वाटावी. त्या दुपारी झोपलो, तर पाण्याचा टँकर आला, हॉर्न वाजवून, भांडून परत गेला. डॉक्टरांच्या गोळ्या अजून घेतो. पण भीती गेली; भार टाकायला कुणीतरी सापडला.

“प्यालो नाय, बा. येशूचा झालो.”

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. भरलेल्या जीपचं इंजिन त्या रस्त्यावर बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाचा हात गळून पडला.

“मी कोंबडं दिलं, उपाशी बसलो, तवा नाय बरा झाला? अन् परक्यांनी गाणी म्हटली अन् झाला?”

मी हादरलो. बाला हे लागेल, हा हिशेब मी केलाच नव्हता. देव मला शहरात भेटला. पण घर म्हणजे अजून तीच पंगत, जिथे नव्या भाताचं पहिलं पान पूर्वजांपुढे ठेवून मग सगळे जेवतात. तिथून उठवलं, तर हा आनंद घेऊन मी जाणार कुठे?

“बा, नव्या भाताला येऊ का? पूर्वजांच्या पानाला हात नाय जोडणार. पंगतीला बसंन.”

बाने माझी पिशवी उचलून जीपमध्ये ढकलली.

“भात तुझ्या वाटणीचाबी लावलाय.”