मी मंजूर केलेला पूल

माझ्या लग्नात मला पहिला हार नवरीने घातला नाही. तो सासुरवाडीच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी घातला, आणि घालून झाल्यावर माझ्याकडे पूल मागितला.

(हुंडा मागितलेला ऐकला आहे, पूल कुठला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.)

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्या चांदा जिल्ह्यात तेव्हा मोटार आली की बायका चुलीवरचा भात सोडून बघायला धावत. मी लग्नाचा झालो होतो आणि ब्रह्मपुरीच्या आसपासच्या बहुतेक उपवर मुलींनी मला बघून 'नाई' म्हटलं होतं. एकीने तर न बघताच! अखेर नाल्यापलीकडच्या गावच्या पाटलांची मुलगी हो म्हणाली, तेव्हा आमच्या घरी नारळ फुटला, आणि शेजाऱ्यांनीही सुटलो म्हणत एक फोडला.

पण पाटील वेळेचे भलते कडक. थोरल्या मुलीच्या लग्नात मुहूर्त टळल्यावर आलेली वरात त्यांनी मांडवाच्या दारातून परत पाठवली होती, आणि ती जेवूही न घालता! माझा मुहूर्त दुपारचा होता, त्या हंगामातला शेवटचा. तो चुकला तर चातुर्मास संपेपर्यंत थांबा. तेवढ्यात पाटलांच्या मुलीला चांगला नवरा सहज मिळाला असता. मला काही बायको मिळाली नसती.

म्हणून आम्ही सकाळीच निघालो. मागे वऱ्हाडाच्या बैलबंड्या, पुढे माझी सजवलेली रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि ती हाकायला आमचे झिंगरूकाका. त्यांनी जुंपले होते त्यांचे जिवापाड लाडके दिवाण आणि नवाब.

"झिंगरू, हे तर पटाचे बैल!" वडील म्हणाले.

"मंग? माह्या पुतण्याची वरात का गाढवावर नेऊ?"

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. त्या हिवाळ्यात या जोडीने तालुका गाजवला होता. त्यांना जगातल्या तीनच गोष्टी कळत. झेंडी वर असली की उभं राहायचं. झेंडी खाली आली की पळायचं. आणि समोर कमान, गर्दी आणि डफडी दिसली की थांबायचं. (मला तेवढंही कळत नाही, असं काका नेहमी म्हणत.)

डांबरी नसलेल्या मोठ्या रस्त्याला लागलो आणि पाहतो तो काय, रस्ता बंद! बांबूच्या गाड्या, मासोळ्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शेळ्यांचा कळप, एक सर्व्हिस मोटार आणि तिच्या टपावर चढून बसलेली अर्धी माणसं, सगळं एका ओळीत तटलेलं. मध्ये एक हवालदार, हातात लाल झेंडी उंच धरून.

"काऊन अडवून राह्यले जी?" काकांनी विचारलं.

"नागपूरहून मंत्रीसाहेब येऊन राह्यले. मोटार गेल्याशिवाय कोणी हलाचं नाई."

"कवा येतीन?"

"मंत्री हायेत ते. त्याइले कोण विचारन?"

ऊन चढत चाललं. मासोळ्या वास मारू लागल्या, शेळ्यांनी माझ्या रेंगीची आंब्याची पानं खाऊन टाकली. मी मुंडावळ्या बाजूला सारून सारखा सूर्याकडे बघत होतो. डोळ्यांपुढे पाटील दिसत होते, हात मांडवाबाहेर दाखवणारे!

"साहेब, या पोराचं लगन आहे हो," वडिलांनी हात जोडले. "मुहूर्त टळला तर पोरगी हातची जाईल."

"आमचं का लगन नाई झालं? काई मजा नाई त्यात," हवालदार म्हणाला. पण हात मात्र वरच. माणूस कर्तव्याला पक्का.

काकांचं एकाएकी त्या झेंडीकडे लक्ष गेलं. ते रेंगीवरून उतरून हवालदारापाशी धावले.

"हवालदारसाहेब, एक सांगतो. झेंडी खाली नोका करू!"

"तू मले शिकवतं काय?"

"शिकवत नाई जी, हात जोडतो. हळूच कोणाच्या तरी हाती द्या. पन खाली नोका—"

तेवढ्यात धुरळा उडवत फौजदारांची जीप आली. मागे काळी मोटार, म्हणजे खुद्द मंत्री! साहेबाची जीप दिसल्याबरोबर हवालदाराने खाडकन टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

सलाम उजव्या हाताने करायचा असतो. झेंडीही उजव्याच हातात होती. ती पडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पहिल्या तुकड्यात मी रेंगीत उताणा, पाय आभाळाकडे. दुसऱ्यात काका मागे लहान लहान होत चाललेले आणि त्यांचा आवाज, "कासरा धर! कासरा धर बे!" कासरा माझ्यापुढे लोंबकळत होता, पण त्याला हात लावायचा तर रेंगीची बाजू सोडावी लागली असती, आणि तेवढं धैर्य माझ्यात असतं तर मी पोलिसात नसतो का गेलो?

फौजदारांनी हॉर्न वाजवला. झालं! शर्यतीला शेजारी दुसरी जोडी लागतेच. जीप बाजूला आली तेव्हा दिवाण आणि नवाबना वाटलं, हीच ती. त्यांनी माना खाली घातल्या आणि असे सुटले की बाशिंग माझ्या नाकावर आलं. रस्त्याकडेला मंत्र्यांना बघायला जमलेली माणसं मंत्र्यांना विसरली!

"हाण! हाण रे नवरदेवा!"

"जीप मागं पडून राह्यली! वा रे दिवाण!"

"गाडी बाजूला घ्या!" फौजदार ओरडत होते.

"कशी घेऊ?" मी ओरडत होतो.

नाला आला. वळवाच्या पावसाने त्यात गुडघाभर पाणी आणि मांडीभर चिखल होता. बैल तो एका दमात पार करून गेले. जीप गेली नाही. ती मधोमध रुतली, तिच्यामागे मंत्र्यांची मोटार तटली, तिच्यामागे आमचं वऱ्हाड, बांबू, शेळ्या आणि मासोळ्या. सकाळपासून आम्हाला अडवणाऱ्या पोलिसांनी आता मंत्र्यांनाच अडवून ठेवलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण तोंडात चिखल होता.

सासुरवाडीच्या तोंडाशी बैल एकदम थांबले, कारण समोर कमान, गर्दी आणि डफडी होती. मंत्री यायचे होते ते याच गावाला, आणि ही सगळी तयारी त्यांच्या स्वागताची!

आता लोकांची काय चूक? नाल्यात मोटार रुतणारच, म्हणून मंत्र्यांना पलीकडून सजवलेल्या रेंगीत आणायचं असं ठरलेलंच होतं. रेंगी आली. आत फेटेवाला माणूस, तोंडावर फुलं, अंगभर रस्त्याची माती. नव्यानेच बदलून आलेल्या हेडमास्तरांनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हार घातला, मला धरून मंचावरच्या खुर्चीत बसवलं आणि खिशातून भाषण काढलं.

"आज आमच्या ग्रामाच्या भाग्याचा सूर्योदय झाला आहे!"

खरा सूर्य डोक्यावरून कलायला आला होता! मला सांगायचं होतं, मी मंत्री नाही, मी नवरदेव आहे, मला सोडा. पण पळापळीने एवढी धाप लागली होती की शब्द फुटेना. नुसती मान वरखाली होत होती.

"आमच्या शाळेवर कौले घालावीत, ही नम्र विनंती."

मान वरखाली.

"मंजूर!" हेडमास्तर गहिवरले. टाळ्या! "दवाखाना?"

मान.

"मंजूर! आणि आमच्या पिढ्यान् पिढ्या ज्याने अडवल्या, त्या नाल्यावर पूल?"

तेवढ्यात मला श्वास सापडला. मी उठून ओरडलो, "मंजूर! सगळं मंजूर! आता मले जाऊ द्या!"

जयजयकार झाला. तो ऐकून, मंत्री आले असं समजून, मांडवातून पाटील धावत आले. गर्दी दुभंगली. त्यांनी माझं बाशिंग वर केलं आणि बघतच राहिले.

"जावईबापू? तुमी इथी काऊन बसले?"

"मामाजी, मुहूर्त... टळला का हो?" मला खरंच रडू आलं.

पाटलांनी मांडवाकडे वळून हाक मारली. "महाराज, वेळ किती आहे?"

"थोडा आहे, पळा!" भटजींचा आवाज आला.

मग पाटलांनी माझं मनगट धरलं आणि दिवाण-नवाबनाही लाजवील असे पळाले. मागून अख्खं गाव, डफडी, हेडमास्तर आणि भाषण. माझे आईवडील नाल्यातून चिंब होऊन, धापा टाकत ऐन अंतरपाट धरताना पोचले. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला. अंतरपाटापलीकडून बारीक आवाज आला.

"खरंच पूल होईल का जी? मले माहेरी यायले बरं होईल."

ती माझ्याशी बोललेली पहिली ओळ. मी त्याच क्षणी तिच्या प्रेमात पडलो आणि पुन्हा एकदा म्हणालो, "मंजूर."

खरे मंत्री आले तेव्हा कमानीखाली एक कुत्रं बसलेलं होतं. माणूस मात्र दिलदार! चिखलाच्या धोतरानिशी मांडवात आले, आमच्यावर उरलेल्या अक्षता टाकल्या आणि पंगतीला बसले. हेडमास्तरांनी चाचरत पुलाची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "ज्यांनी मंजूर केला, त्यांच्याकडूनच बांधून घ्या!"

गावाने ते फार मनावर घेतलं. त्यानंतर दर पावसाळ्यात मी सासुरवाडीला निघालो की नाल्यापलीकडे माणसं येऊन उभी राहायची. मी धोतर वर खोचून, चपला डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलो की तिकडून हाक यायची, "या जावईबापू, पुलावरून या!"

ते मंत्री पुढच्याच निवडणुकीत पडले आणि सुटले. मी अजून त्या गावाचा जावई आहे, आणि या पदाचा राजीनामा कोणाकडे द्यायचा असतो ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही!