साहेबांचं उणे चिन्ह

कुठल्याच सॉफ्टवेअरवर विश्वास नाही आणि जन्मभर पोट मात्र सॉफ्टवेअरवरच, असा माणूस मी एकच पाहिला: नोएडातले माझे पहिले साहेब. आमची कंपनी हॉस्पिटलातल्या स्कॅनिंगच्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायची. मशीनमधून येतात नुसत्या लहरी. फुरिए ट्रान्सफॉर्म नावाचं गणित त्यांचं चित्र करतं. त्या गणितात एक उणे चिन्ह असतं. एक सॉफ्टवेअर ते चित्राकडून लहरींकडे जाताना लावतं, दुसरं परतताना. दोन्ही बरोबर, पण एकाने गेलात आणि दुसऱ्याने परतलात की चित्र आरशातलं, डावं ते उजवं! या एवढ्याशा उण्यापायी साहेबांनी आम्हाला सळो की पळो केलं. नवा माणूस आला की नाव विचारायच्या आधी, "तुझं मायनस कुठे असतं?" चाचणीच्या प्रत्येक स्कॅनला उजव्या बाजूला माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवायचीच. चित्रात ती पांढरी चमकते, उजवं कुठलं ते कळतं. "कॅप्सूल खोटं बोलत नाही, यार," हे दिवसातून दहा वेळा.

मग काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मेंदूत गाठ निघाली. डावीकडे, बोलण्याच्या जागेवर. डॉक्टर म्हणाले, काढली तर वाचा जाईल. उजवीकडे असती तर एवढी भीती नव्हती. साहेबांनी तिथेच ठरवून टाकलं, चित्र उलटं आहे. काकूंना आताशा किसणी, चाळणी असले शब्दसुद्धा आठवेनात, तर म्हणे, "तीस वर्षं दिल्लीत काढल्यावर मराठी विसरणारच!" मला धडधडीत दिसत होतं, पण सांगायचं कुणी?

दुसऱ्या स्कॅनला मला सोबत नेलं. काकूंच्या उजव्या कानशिलावर त्यांनी स्वतः कॅप्सूल चिकटवली. "अंकल, रोज का काम है हमारा," ऑपरेटर वैतागला. "बेटा, मायनस कहाँ लगाते हो, वो बताओ." ज्या चुकीला आयुष्यभर शिव्या घातल्या, ती आज एकदा झालेली असू दे म्हणून हा माणूस स्क्रीनपुढे हात जोडून उभा होता. मला बघवेना.

उजवी बाजू म्हणून लिहिलं होतं तिथेच कॅप्सूल चमकली. गाठ पलीकडे, डावीकडे. "बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि खाली बसले.

काकू बाहेर आल्या. कानशिलाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे... हे काढा ना, हे..." साहेबांनी अलगद चिकटपट्टी सोडवली.

ऑपरेशन काकूंनीच नाकारलं. साहेबांनी नोकरी सोडली. उरलेले सात महिने काकू कशाला काहीही म्हणायच्या, चहाला पंखा, मला ताई. आणि हा भांडकुदळ माणूस त्यातला एकही शब्द न सुधारता, "हो, बिल्कुल," म्हणत समोर बसून राहायचा.