शिकाऱ्याच्या डोळ्यांची आखणी

पेणच्या मूर्तिशाळांत मूर्तीचे डोळे रेखण्याच्या कर्मास आखणी म्हणतात. मूर्ती घडवणारे हात पुष्कळ. आखणीचा हात विरळा. धनाजीचा हात तसा होता. त्याने आखलेल्या मूर्तीपुढे जो बसे, त्याला वाटे, देव आपल्याचकडे पाहतो आहे.

पत्नी अंबिकेच्या मृत्यूबरोबर ती सिद्धी लोपली. तो कामासाठी कतारमध्ये, ती अलिबागच्या रुग्णालयात. निरोप झाला तो फोनच्या पडद्यावर. ती अखेरपर्यंत त्याच्याकडेच पाहत होती. पण पडद्यावर तिची दृष्टी त्याच्या डोळ्यांखालून, छातीकडे कुठेतरी ओघळत राहिली. नजरानजर झालीच नाही. तेव्हापासून त्याने आखलेला प्रत्येक डोळा समोरच्याला चुकवू लागला.

आता कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावच्या कार्यशाळेत, लुसैल शहरातल्या प्रदर्शनासाठी घडवलेला फायबरचा टायरॅनोसॉरस डायनासोर आंधळा उभा होता. धनाजीने परांचीवर चढून दोनदा डोळे आखले, दोनदा पुसले. आज साधले नाही, तर ठेकेदार काचेचे तयार डोळे बसवणार होता. आणि मग हा हात कायमचा थांबेल, अशी भीती धनाजीच्या मनात ठाण मांडून बसली होती.

"दादा, ह्यो बघतोय तरी कुणाकडं?" वेल्डर किसन खालून ओरडला. "मागची भिंत खानार व्हय?"

प्रदर्शनाची शास्त्रीय बाजू सांभाळणारी नबीला कोकणातल्या म्हसळ्याच्या घराण्यातली, दोह्यात वाढलेली. ती परांचीजवळ आली. "काका, याचे डोळे हरणासारखे बाजूला नव्हते. कवटीतल्या खोबणी पुढे वळलेल्या आहेत. दोन्ही डोळे भक्ष्यावर रोखून हा अंतर जोखायचा. ससाण्याहूनही सरस, असं संशोधकांचं अनुमान आहे."

"आणि बुबुळाचा रंग?"

"तो कुणालाच ठाऊक नाही. हाड उरतं, काका. त्याच्यावरच्या दातांच्या जखमासुद्धा उरतात, भरून आलेल्या. डोळा दगडात उरत नाही."

धनाजीने कुंचला उचलला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विझलेली ती दृष्टी आता कुणाच्याही स्मृतीत नव्हती. त्याच्या स्मृतीत मात्र एकच दृष्टी होती, अंबिकेची. त्याने तिच्या डोळ्यांचा चिंचोक्यासारखा तपकिरी रंग कालवला. बुबुळे भरली, शेवटी प्रकाशाचे थेंब ठेवले आणि तो खाली उतरून समोर उभा राहिला.

"आता तुमच्या पोटाकडं बघतोय," किसन हसला. "भूक लागली बेट्याला!"

नबीला हसली नाही. धनाजी हळूहळू वाकत होता. गुडघे जमिनीला टेकले, मान वर झाली, आणि त्या उघड्या जबड्यावरून ती नजर नेमकी त्याच्या डोळ्यांत उतरली. राहून गेलेली नजरानजर अखेर झाली.

"नजर थोडी वर घेऊ या का, काका?"

"नको."

ती नजर तशीच लुसैलला गेली. तेथे ती लहान मुलांच्या उंचीवर पडते; मुले तिच्यापुढे अचानक गप्प होतात. मोठ्यांना काही जाणवत नाही. दर शुक्रवारी मात्र एक मनुष्य येऊन तिच्यासमोर गुडघे टेकतो.

"दादा, यल्ला, चला! बस जाईल," किसन दारातून हाक मारतो.

"थांब जरा," धनाजी मान न वळवता म्हणतो. "ती बघतेय अजून."