पुस्तकातला पावाचा कण

बारेंडकाका द्रुकर म्हणजे सदा तोंडाचा पट्टा चालू. अ‍ॅमस्टरडॅममधल्या आमच्या ज्यू ग्रंथालयात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातलं निम्मं वाचकांवर खेकसण्यात. "पुस्तक वाचताय की न्याहारी करताय?" भलेभले पंडित त्यांना बघून हातातला खाऊ खिशात कोंबायचे.

त्याला कारणही होतं. आमच्या पेसाखच्या सणात आंबवलेलं काही चालत नाही, पावाचा कणसुद्धा कुठं राहता कामा नये. मग दरवर्षी सणाआधी एकेक पुस्तक उलटं धरून झटकायचं काम काकांच्या गळ्यात. चुरा पडायचा, काका शिव्या हासडायचे आणि मनातून खूश व्हायचे. चुरा पडला म्हणजे कुणीतरी वाचलं की हो!

यंदा मात्र सगळ्या पुस्तकांचे फोटो निघाले होते. लोक घरबसल्या पडद्यावर वाचत. सण झाला की पुस्तकं शहराबाहेरच्या गोदामात जाणार होती आणि वाचनाच्या खोलीला टाळं लागणार होतं. "एक तरी वाचक दाखवा, काका," ग्रंथपाल यूदिथ म्हणाली होती. "निदान एक कपाट इथं राहावं म्हणून ग्रंथालयाच्या मंडळाशी भांडते मी."

काकांनी सकाळपासून पुस्तकं झटकली. धूळ पडली, एक वाळका किडा पडला. चुऱ्याचं नाव नाही! शेवटचं पुस्तक ठेवून काका मटकन खुर्चीत बसले. वर्षभरात इथं कुणी फिरकलंच नव्हतं.

घरीही तीच तऱ्हा. सणाच्या आदल्या रात्री घरभर पाव शोधायचा, आणि तो शोध रिकामा जाऊ नये म्हणून घरातल्याच कुणीतरी पावाचे तुकडे मुद्दाम लपवायचे, ही आमची जुनी रीत. रोशाकाकू होती तोवर ती लपवायची, आणि सापडेपर्यंत काका तिच्या नावानं खडे फोडायचे. ती गेल्यापासून लपवणारेही तेच, शोधणारेही तेच. कसला डोंबलाचा शोध!

काकांचा हात खिशात गेला. आल्याचा केक होता. त्यांनी चिमूटभर मोडून एका जाड ग्रंथात ठेवला आणि हाक मारली. "यूदिथ, बघ! आहे की नाही वाचक?"

तिनं कण बोटानं दाबला. "काका, हा अजून मऊ आहे."

काकांनी उरलेला केक खिशात कोंबला. त्यांना रडू येत होतं.

"घरी कोण लपवतं आता?" तिनं विचारलं.

"कोण लपवणार? मीच."

"कपाट नाही राहायचं, काका. मंडळाशी खोटं नाही बोलता येणार मला." तिनं तो कण उचलून मुठीत घेतला. मग म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा. दार ओढून घ्या. आणि डोकवायचं नाही हं!"

काका जिन्यात जाऊन उभे राहिले. आत खुर्ची सरकली, कपाटं उघडली, मिटली. किती वर्षांनी त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी लपवत होतं.

"या आता!"

काकांनी चष्मा पुसला, पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि मनात म्हणाले, देवा, लवकर सापडू देऊ नकोस रे.