रुमालाखालचा सौदा

थोरल्या पोराला कोपरीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणायचं ठरलं, तेव्हा मला वाटलेलं की जायचं, त्याची कपड्यांची पिशवी उचलायची आणि निघायचं. तसं नव्हतं. केंद्रात पोरांशी आणि घरच्यांशी बोलायला एक बाई होत्या, सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं: पोरगा कुठे राहणार आणि काय काम करणार, हे आईबाप आणि तो, तिघांनी समोरासमोर बसून ठरवायचं. नाही जमलं तर तो घरी येणार नाही. नाशिककडे त्यांच्या ओळखीचं एक शेत होतं, बरी झालेली पोरं तिथे राहून राबायची. तिकडे पाठवणार.

मी जुन्नरकडचा माणूस. कल्याणच्या बाजारात आधी गोण्या वाहिल्या, मग कांदा-बटाट्याचा स्वतःचा गाळा केला. कुणाच्या ओळखीवर नाही, तोंडाच्या जोरावर. आपल्यामागे पोरगा गाळ्यावर बसेल एवढंच मनाशी धरलेलं. पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडच्या कितीतरी पोरांना गर्दच्या नशेने ओढलं, त्यात आमचाही गेला. आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी नाहीशी झाली, मग त्याचं जेवण, मग बोलणं.

त्याला केंद्रात ठेवलं त्याच दिवशी मी ताईंना म्हणालो, "मुदत जरा कमी करा."

"काका, हा बटाटा नाही. घासाघीस नको."

"बटाटाच आहे. जास्त दिवस कोंडून ठेवलात तर कोंब फुटतील."

त्या हसल्या, पण मुदत हलली नाही. भाव न सोडणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो, तसा त्यांचाही वाटला. राग नंतरचा आहे, आणि तो अजून आहे.

शेवटची बैठक रविवारी दुपारी होती. सतरंजीवर गोल करून बसायचं, इतर पोरांच्या घरची माणसंही असायची. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. येताना बायकोने बजावलेलं, "अहो, आज तरी आवाज चढवू नका."

"घरी ये, गाळ्यावर बस. झालं गेलं विसरलो," मी अगदी हळू म्हणालो.

पोरगा म्हणाला, "आबा, घरी येतो. गाळ्यावर नाही."

"मग खाणार काय? ह्यांच्या खिचडीवर जन्म काढणार? अरे, आयत्या गाळ्यासाठी लोक..."

ताईंनी हात वर केला. मी थांबलो. पोराने मान खाली घातली आणि पुटपुटला, "मग नाशिकच बरं."

बायकोने पदर तोंडाला लावला. तोंड उघडलं की माझा आवाज चढणार, आणि आवाज चढला की पोरगा हातचा जाणार. माझा हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. आमच्याकडे तेव्हा मोठे सौदे तोंडाने होत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती कितीही माणसं असोत, कळतं ते दोघांनाच. शाळेच्या सुट्टीत गाळ्यावर येऊन पोरगा हे शिकलेला.

मी हात पुढे केला, वर रुमाल टाकला. "आठवड्यातले दिवस. गाळ्यावरचे. बोल."

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हात आत घातला. मी त्याचा पंजा धरला. त्याने माझं एक बोट धरलं. मी चारवर आलो, तो एकावरच. मी तीनवर आलो. त्याचा हात थरथरत नव्हता. केंद्रात आणला तेव्हा ह्याच हाताला चहाचा कप धरवत नव्हता. लोकांनी लाख सांगितलं असेल, पण माल सुधारलाय हे मला तिथे कळलं.

"काका, काय चाललंय?" ताई म्हणाल्या.

"सौदा."

"मग रुमाल कशाला?"

"आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून."

"आजूबाजूला त्याची आई बसली आहे. तिला कळू नये असं काय आहे?"

एवढ्या माणसांत! मी चिडून रुमाल ओढला. मिसरूड फुटलेला बाप्या पोरगा बापाचं एक बोट घट्ट धरून बसलेला सगळ्यांना दिसला. भावासाठी आलेली एक कोळीण म्हणाली, "जत्रंला चाललाव का रं दोघं?" सगळे हसले. पोरगाही हसला. किती दिवसांनी त्याचे दात बघितले.

त्या हशातच बायको बोलली. "एकही दिवस नाही."

"तू गप."

"नाही गप बसायची. पुडी त्याला कुठे मिळायची? आपल्याच गाळ्यामागे, टेम्पोवाल्यांकडे. परत तिथेच बसवताय?"

मी पोराकडे बघितलं. त्याने होकाराची मान हलवली. ताईंकडे बघितलं, तर त्यांना नवल वाटलेलं दिसेना.

"म्हणजे तुम्हा दोघींना ठाऊक होतं? आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर टेम्पोवाल्याचे पाय मोडले असते तुम्ही," बायको म्हणाली. "मग एक रविवार कोपरीला आणि एक रविवार तुरुंगात, असे हेलपाटे मी घालू?"

मोडले असते, हे खरं. तरी सांगायला हवं होतं. गाळा माझा, पोरगा माझा, आणि बातमी सगळ्यांना, मला सोडून! बायकोला हे मी आजही ऐकवतो.

पण त्या वेळी पोरगा समोर होता. हातातला सौदा मोडायचा नसेल तर आपला आकडा सोडावा लागतो.

"गाळा राहू दे," मी म्हणालो. "घर?"

"घर हो."

"रोज?"

"रोज, आबा."

काम तिघांनी मिळून शोधायचं ठरलं, ते ताईंनाही पटलं, आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिघं डोंबिवलीला घरी आलो. पुढे त्याने आईच्या मदतीने पोळी-भाजी केंद्र काढलं. नोकरीवरून परतणाऱ्या बायका तिथून पोळ्या घेऊन जातात. बटाटे मात्र तो माझ्या शेजारच्या गाळ्यावरून उचलतो. म्हणतो, "आबा, तुमच्याशी भाव करत बसलो तर माझ्या पोळ्या कोण लाटणार?" हा अपमान वेगळा.

दिवेलागणीनंतर दुकान आवरून घरी येतो. चपला दारातच आडव्या टाकतो. मी ओरडतो, "अरे, माणूस अडखळून पडेल की!" तो आतून "हो आबा" म्हणतो आणि पानावर जाऊन बसतो. चपला तिथेच.