उतारावर दुसरा गिअर

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या घरात ते बाशिंग माझ्या गुडघ्याला. शहरात आमच्या हरिशंकरपुरमच्या गल्ल्यांतून स्कूटर हाकावी तसाच मी ह्यांचा जुना ट्रॅक्टर हाकते. मागच्या वर्षी ह्यांना लकवा झाला, डावा पाय गेला, आणि क्लच असतो डाव्याच पायाशी. तेव्हापासून शेतावर स्टिअरिंग माझ्या हातात आणि हे शेजारी मडगार्डवर, सूचना देत.

त्यातली एक मला तोंडपाठ होती: उतार लागायच्या आधी थांब, दुसरा गिअर घाल, मग उतर. ह्या ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत नुसता क्लच दाबून खाली येत नाही. आतल्या चाकांचा वेग जुळत नाही, दातावर दात घासतात.

त्या दिवशी मागे गव्हाची पोती भरलेली ट्रॉली, आम्ही कालव्याच्या पुलावर, आणि पाठीशी एक डंपर सारखा हॉर्न वाजवतोय. माझं डोकं फिरलं. थांबलेच नाही. उतारावरच क्लच दाबून तिसरा काढला, दुसरा घालायला गेले, तर नुसती खरखर. दुसरा पडेना आणि तिसराही परत पडेना. ट्रॉली मागून रेटू लागली. ब्रेक दाबला तर ती आडवी फिरायला बघे. मला उडी मारता आली असती, ह्यांना नाही. एवढंच डोक्यात होतं.

ह्यांनी गिअरच्या दांडीला हात लावला नाही. हळूच म्हणाले, "न्यूट्रलमधेच क्लच छोड. आता रेस दे. मग परत दाब नि घाल."

गाडी सुसाट सुटलेली आणि ब्रेकवरचा पाय काढून रेस द्यायची? मला ते वेडेपणाचं वाटलं. तरी दिली. इंजिन ओरडलं, क्लच परत दाबला आणि दांडी निमूट आत गेली. क्लच सोडला तसं इंजिनानेच ट्रॉलीला आवरून धरलं.

खाली सपाटीला थांबले. मला ह्यांचाच राग येत होता, का ते सांगता येणार नाही.

"मी पण क्लच दाबला," हे म्हणाले, "तू दाबलास तेव्हा, दोन्ही बार."

मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. सकाळी मी उचलून ठेवला होता तसाच तो पडून होता.

"म्हणून तर पडला गिअर," मी म्हटलं.