माहेरच्या नावानं धुंडत आलेल्या सुशीलाबाई

दोन दिवसापासून मले झोप नाई. सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात जा लागते, अन् घरी अजून कोनी हो म्हटलं नाई. तरी लिवून राहिली. सुशीलाबाई नर्सबाईले साठ वर्स भरले, त्याईच्या मानाचं पुस्तक निघते. मास्तर म्हने, गावातल्या एका बाईनंबी लिवा लागते. चौथी झालेली मीच.

बाईले म्या पयल्यांदा पाह्यलं ते आमच्या दारात. नोकरी संपली तरी त्या बाळापूरकडच्या गावाईत पायी फिरते. बायांच्या पिशवीचा कॅन्सर आधीच धुंडाचा, म्हनून शाळेत सरकारी तपासनी ठेवली होती. एकबी बाई गेली नाई. मंग त्याच घरोघर आल्या.

सासू म्हने, "आमची सून धडधाकट हाये. रोग नाई तं पाह्यता कावून?"

बाई हासल्या. "रोग दिसाले लागला म्हंजे तुमालेबी दिसन वो माय. मले दिसाच्या आधी पाह्याचा हाये. सरका, दाळ निवडू लागतो."

तीनदा आल्या, तवा कुठी बाया गेल्या. पन सासरचं नाव खराब होऊ नये म्हनून साऱ्याईनं वहीत माहेरचं नाव सांगतलं. मीबी सांगतलं, यमुना. सासरी मी लक्ष्मी.

तपासनीत आतलं पानी लावलेली काचेची पट्टी नागपूरले गेली, अन् यमुनाले परत बलावलं. पोस्टमन चिठ्ठी घेऊन गावभर फिरला. सासू म्हने, अशी कोनी नाई इथं. मी मांगंच उभी होती.

आठ दिवसानं बाई सोता आल्या. विहिरीवर एकेकीले इचारे, "तुयं माहेरचं नाव काय वो?" माह्यापाशी आल्या तं म्या पदर तोंडाले लावला. त्याईनं वळखलं, पन रागावल्या नाईत.

"यमुने, रोग लहान हाये अजून. आता गेली तं बरं होते."

"अन् नाई झालं तं?"

"तं मले शिव्या दे. पन चाल."

नवरा म्हनते, दुखत नाई तं जाते कुठी? लेकरू आठ महिन्याचं, अंगावर पेते. बाई संग येतो म्हनते, पन सही कराले घरचं मानूस लागते.

देव बाईले लय वर्स देवो, त्याईचे गुडघे धड ठेवो. अजून लय गावाईत कोनी गेलं नाई.

पुस्तक छापाच्या आधी हे जो वाचन त्यानं बडनेऱ्याच्या ठेसनावर फोन करा. तिथं गाडीचे रूळ बदलनारा महादेव सांधेवाला हाये, माहा भाऊ. त्याले म्हना, सोमवारच्या आधी सही कराले ये. तू आला तं यमुना जाईन.